मामाची खोटी अडचण

८ ऑगस्ट

प्रिय मामा,

हातात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहितेय, असं तुझ्या मनात आलं असेल. हे मी मानसशास्त्र शिकतेय म्हणून ओळखलं असं मात्र समजू नकोस. ज्याला त्याला तसंच वाटतं. भेटला माणूस की विचारतो, "सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" कॅन्टीनवाल्यानेही विचारलं. त्याच्या मनात काय चाललं होतं देव जाणे, पण चहात साखर घालायला तो विसरला होता, एवढं मला कळलं.

तर झालंय असं, की मी नापास झालेय. आईला सांगू नकोस. पेपरात नाही, पेपरात मी बरी आहे. ऐकण्यात नापास झाले! आमची एक प्रात्यक्षिक परीक्षा असते. समोर एक माणूस बसतो, तो आपली अडचण सांगतो आणि आपण ऐकायचं. बस्स, एवढंच. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं पुराण लावायचं नाही, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. सगळं रेकॉर्ड होतं. माझं रेकॉर्डिंग मॅडमनी मलाच ऐकवलं. समोरची मुलगी म्हणते, "मला घरी जावंसं वाटत ना..." आणि मी लगेच, "नाही ना? मलाही नाही वाटत! तू असं कर..." तिथून पुढे सगळी मीच. शेवटी तर ती बिचारी मला "हं, हं" म्हणतेय. मॅडम म्हणाल्या, "मार्क द्यायचेच तर तिला द्यायला हवेत."

डिसेंबरात पुन्हा परीक्षा आहे. त्यातही गेले तर समुपदेशन केंद्रात खऱ्या माणसांसमोर बसायला मिळणार नाही, आणि वर्ष पाण्यात. बाकी धाकट्या वर्गाला शिकवायचे तास, तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग आणि संख्याशास्त्र आहेच पाचवीला पुजलेलं. शिवाय प्रत्येक नवा धडा वाचला की त्यातला आजार मलाच झालाय असं वाटतं. मागच्या आठवड्यात मला तीन होते.

मॅडमनी उपाय सांगितलाय, की पत्रं लिही. "कागदावर कुणाचं वाक्य तोडता येत नाही. उत्तर यायला आठवडा लागतो, तेवढा दम धर." भरवशाच्या एका माणसाने मला एक अडचण लिहून कळवायची आणि मी फक्त ऐकायचं. अडचण खोटी हवी, कारण खऱ्या अडचणीला हात लावायची आमची अजून लायकी नाही. ही पत्रं मॅडम वाचणार, त्यांना निम्मे मार्क. बाकी कुणाला एक अक्षरही सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

तू चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसं बघतोस. माझ्यासाठी एक छानशी अडचण तयार कर ना!

तुझी,
भोंगा


१४ ऑगस्ट

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. तुझं नाव भोंगा मीच ठेवलं, तेव्हा तुझ्या नापास होण्याचं थोडं पाप माझ्याही माथी आहे. म्हणून मदत करायला बसलो, पण पंचाईत झाली. मला अडचणच नाही! दोन दिवस शोधली. दुकान चालतं, गुडघे चालतात, वरच्या खोलीत ऊन येतं. झोप येत नाही असं लिहावं म्हटलं, तर लिहिता लिहिता डुलकी लागली. भाऊबंदकी लिहावी, तर बहीण एकच, आणि ताईशी भांडायची माझी छाती नाही.

शेवटी दुकानात बसल्या बसल्या एक सुचली. बघ चालते का. समजा, समजा हं, की तुझ्या मामाला त्रेपन्नाव्या वर्षी लग्न करावंसं वाटू लागलंय. आणि समजा, ते शेजारच्या दुकानातल्या फोटोवाल्या बाईंशी. आणि त्यांना ते माहीत नाही.

हसू नकोस. अडचण हवी म्हणालीस म्हणून दिली. ताईच्या कानावर मात्र जाऊ देऊ नकोस. खोटी असली तरी ती खरी धरेल आणि हॉल बघायला निघेल. मी तरुण होतो तेव्हा तिने किती स्थळं आणली याचा हिशेब नाही. दर वेळी मी "बघू" म्हणायचो. मग ती थकली, आणि सगळेच विसरून गेले. मीसुद्धा.

तुझा,
मामा


२१ ऑगस्ट

आदरणीय मामा,

आपले पत्र मिळाले. आपण मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मी आपली आभारी आहे. आपल्या लिहिण्यावरून मला असे समजले, की आपले वय त्रेपन्न आहे, आपल्या दुकानाशेजारी फोटोवाल्या बाई आहेत आणि आपल्याला त्यांच्याशी विवाह करावासा वाटतो. ही गोष्ट त्यांना माहीत नाही. याबद्दल आपल्याला काहीतरी वाटत असावे. आपण त्याविषयी अधिक सांगू शकाल का? आपण जे सांगाल त्याचे मी मूल्यमापन करणार नाही.

आपली,
भाची


२८ ऑगस्ट

आदरणीय भाचीबाई,

तुझं पत्र वाचून आधी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, म्हटलं विमा कंपनीचं आहे की काय. बोलायला लागल्यापासून मला "अरे मामा" म्हणतेस, कडेवर बसून माझे दोन चष्मे मोडलेस, आणि आता "आपण"? मी लिहिलं शेजारी फोटोवाल्या बाई आहेत, तू लिहितेस आपल्या शेजारी फोटोवाल्या बाई आहेत. अगं आहेतच! रोज सकाळी शटर वर करताना बघतो ना मी.

असो. अधिक सांगा म्हणतेस तर सांगतो. बाई माझ्याच वयाच्या आसपास. वडिलांचा स्टुडिओ चालवायला घेतला, मग वडिलांचं दुखणं काढलं, त्यात लग्न राहून गेलं असं त्या म्हणतात. पण बसमध्ये छत्री राहून गेली अशा आवाजात म्हणतात. ओळखपत्रांचे फोटो हा त्यांचा मुख्य धंदा. आता चष्मेवाल्या माणसाचा फोटो काढायचा तर काचेवर दिवा चकाकतो आणि तो फोटो सरकारी कचेरीतून परत येतो. चष्मा काढून बसवला तर माणूस स्वतःलाच ओळखू येत नाही. म्हणून काचा नसलेल्या काही फ्रेमा मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवल्यात. गिऱ्हाइकाच्या तोंडवळ्याला शोभेल ती फ्रेम त्या घेऊन जातात, फोटो काढतात आणि परत आणून देतात. दिवसभर ही ये-जा चालू. मागे एकदा मी म्हटलं, "अहो, फ्रेमा तुमच्याकडेच राहू द्या की." तर म्हणाल्या, "नको, हरवतील." चार पावलांवर कशा हरवतील सांग?

हे आपलं खोट्या अडचणीत भर म्हणून लिहिलं. आणि पुन्हा "आपण" म्हणालीस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

मामा


५ सप्टेंबर

अरे मामा,

मॅडमनी माझ्या त्या पत्रावर लाल शाईत लिहिलं, "हे ऐकणं नाही, ही पोचपावती आहे." मग समोर बसवून म्हणाल्या, "तुला जे खरोखर कळलेलं नाही, तेच विचार. आणि माणसाशी बोलतेस तसं विचार."

म्हणून एकच विचारते. बाईंचं दुकान बंद असतं, तेव्हा तुझा दिवस कसा जातो?

मला खरं तर खूप लिहायचंय. त्या "हरवतील"वर दोन पानं तयार आहेत डोक्यात. पण मी गप्प बसलेय. खोलीतली मैत्रीण विचारतेय, "पत्र लिहितेस की दाढ दुखतेय?"

भोंगा


१९ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

उत्तराला उशीर झाला. तुझा प्रश्न वाचला तेव्हा वाटलं, यात काय सांगायचं? कसा जायचाय, जातो तसा जातो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाई दुकान बंद करून मावसबहिणीकडे गेल्या. म्हटलं बरं झालं, बघून खरं खरंच लिहू.

पहिल्या दिवशी वाटलं, वा, काय शांतता आहे. कामं भराभरा उरकली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या चष्म्याची उजवी काच डाव्या डोळ्याला बसवली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते कठड्याला धरून आले आणि म्हणाले, "अहो, जिना हलतोय." चहावाला सवयीप्रमाणे दोन कप ठेवून गेला, ते दोन्ही मीच प्यालो. पुढच्या दिवशी त्याने शहाणपणा करून एकच कप आणला, तर मी त्याच्यावर खेकसलो. त्याची काहीच चूक नव्हती. एकाने येऊन विचारलं, फोटोवाल्या बाई कधी येणार? मी वार सांगितला, गाडी सांगितली, गाडीची वेळही सांगितली. तो म्हणाला, "तुम्हाला बरं पाठ आहे!"

मग त्या आल्या. मी मान खाली घालून एका फ्रेमचा स्क्रू पिळत होतो. शेजारच्या शटरचा आवाज आला. हातातलं काम खाली ठेवलं आणि नुसता बसून राहिलो. मला फार आनंद झाला होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

मामा

ता. क. हे सगळं खोटं आहे बरं का. सुचेल तसं लिहितोय.

ता. क. शर्ट शिवायला टाकलाय, निळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.


२५ सप्टेंबर

बाळ,

फोन केला की तू तासाला असतेस, नाहीतर ग्रंथालयात असतेस, म्हणून शेवटी लिहायला बसले. तुझ्या मामाचं काय चाललंय? परवा फोनवर मला विचारतो, "ताई, मला निळा रंग शोभतो का गं?" जन्मात कधी रंग विचारला नाही त्याने. तुझी पत्रं येतात म्हणाला, आणि लगेच हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. आजारी आहे का तो? डॉक्टरने काही सांगितलंय का? काय असेल ते खरं खरं कळव. मला घास गोड लागत नाहीये.

आई


२९ सप्टेंबर

प्रिय आई,

मामाची तब्येत ठणठणीत आहे, तू निवांत जेव. बाकी त्याने मला जे काही लिहिलंय त्याबद्दल मी काहीच बोलू शकत नाही. होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. आमच्या कामाचा तो नियम आहे आणि तो मी मोडणार नाही. निळ्या शर्टाबद्दल मी बोलू शकत नाही. शेजारच्या दुकानाबद्दलही बोलू शकत नाही.

गैरसमज नसावा. तब्येतीला जप.

तुझीच


६ ऑक्टोबर

भोंग्या!

ताई आली होती. न कळवता, सकाळच्या पहिल्या गाडीने. माझ्या दुकानात पाऊल न टाकता सरळ शेजारी शिरली आणि म्हणाली, "फोटो काढायचाय." बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याकडे बघा." ताई बाईंकडेच बघत राहिली. "अहो, इकडे, भिंगाकडे." तरी बाईंकडेच. चार-पाच फोटो वाया घालवून बाहेर आली, माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला पसंत आहे."

मी म्हटलं, "कोण?"

"गप्प बस," म्हणाली. "पोरीने अवाक्षर काढलं नाही. इतकी गप्प ती जन्मात कधी राहिली नव्हती, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि शेजारच्या दुकानाचं मी कधी विचारलंच नव्हतं, तिनेच आपण होऊन ते सांगायचं नाही म्हणून सांगितलं."

ताई गेली. संध्याकाळी बाईंनी एक फ्रेम आणून काउंटरवर ठेवली आणि न बोलता निघून गेल्या. त्यानंतर एकदाही आल्या नाहीत. चष्मेवाली गिऱ्हाइकं येतात, मी बघतो ना. पण त्या फ्रेम न्यायला येत नाहीत. चहाचा एक कप गार होतो.

आता तुला खरं सांगतो. ती अडचण खोटी नाही. लिहायला घेतली तेव्हा खोटीच होती, शपथेवर सांगतो. पण तू विचारत गेलीस, मी लिहीत गेलो, आणि लक्षात आलं की यात मी काहीच रचत नाहीये. भोंग्या, तुझे नियम आता बासनात गुंडाळून ठेव आणि मला सांग, मी काय करू? विचारू? की गप्प बसू? उद्या नाही म्हणाल्या तर रोज सकाळी शटर वर करताना तोंड कसं दाखवू? आत्ता आहे तेवढंही जाईल. मला भीती वाटते गं. तू सांगशील ते करीन.

मामा


११ ऑक्टोबर

अरे मामा,

तुझं पत्र वाचून आधी मी खोलीत नाचले. मैत्रिणीच्या टिपणांवर पाणी सांडलं. मग रडले. आणि मग मॅडमकडे गेले, कारण अडचण खरी निघाली तर सांगायचं, असा नियमच आहे.

मॅडम म्हणाल्या, "मला दुसऱ्या पत्रातच शंका आली होती, विचारायला हवं होतं मी. खोटी अडचण आणा म्हटलं तरी माणसं स्वतःचीच घेऊन येतात." मग त्यांनी सगळी पत्रं माझ्या हातात ठेवली. ती आता परीक्षेत धरता येणार नाहीत. तेव्हा निम्मे मार्क गेले, आणि जे काही आहे ते डिसेंबरच्या एका बैठकीवर. वाईट वाटलं का? हो, वाटलं. जिन्यात बसून राहिले थोडा वेळ. आणि आईला लिहिलेलं ते शेजारच्या दुकानाचं वाक्य! नियम पाळायच्या नादात तुझी वाट लावली. मला माफ कर.

पण यात एक गोष्ट चांगली झाली. आता तू माझा सराव नाहीस, नुसता मामा आहेस. म्हणजे मला सल्ला देता येतो! बसले आणि लिहिला. कधी जायचं, काय बोलायचं, आधी हेडमास्तरांचा किस्सा सांगून हसवायचं, मग विषय काढायचा. कागदावर कागद भरले. मग वाचून पाहिलं, तर पानोपानी मीच होते. तू कुठेच नव्हतास. फाडून टाकलं सगळं.

मामा, माझ्या सांगण्यावरून तू गेलास आणि त्या नाही म्हणाल्या, तर तू मला दोष देणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण हो म्हणाल्या तरी ते तुझं होणार नाही. म्हणून सांगत नाही, विचारतेच. आईचं बाजूला ठेव. शटरचं, लोकांचं बाजूला ठेव. तुला काय हवंय?

घाई नाही. कितीही दिवस लागू देत. मी आहे.

भोंगा


२० ऑक्टोबर

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र आलं आणि मी लगेच उत्तर लिहायला बसलो. "मला हवंय" इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. म्हटलं, हे मी हिला कशाला कळवतोय? टपालाला आठवडा, आणि शेजारी जायला चार पावलं. उठलो. निळा शर्ट घालायचाही राहिला.

आत गेलो तर स्टुलावर एक गृहस्थ बसलेले, पाठ ताठ, हनुवटी वर. बाई कॅमेऱ्यामागून म्हणत होत्या, "आता अजिबात हलू नका." मी म्हटलं, "मला बोलायचंय." त्या म्हणाल्या, "बोला. हात कामात आहेत, कान मोकळे आहेत." मग मी सुटलोच. भाची नापास झाली, तिला अडचण हवी होती, मला एकही सापडेना, मग तुमचं नाव घेतलं, मग तुम्ही मावसबहिणीकडे गेलात, मग ताई आली. कुठे थांबलोच नाही. शेवटी म्हटलं, "तर मला तुमच्याशी लग्न करायचंय. आणि तुम्हाला नको असेल तर नको, पण फ्रेमा न्यायला येत जा."

बाई कॅमेऱ्यामागून बाहेरच येईनात. गृहस्थ तसेच, श्वास धरून. मग तिथूनच आवाज आला, "तुमच्या बहिणीने मला इतकं न्याहाळलं की मला वाटलं, तुमचं कुठेतरी ठरलंय आणि त्या मला समज द्यायला आल्यात."

"माझं? कुणाशी ठरणार?"

"तेच शोधत होते मी इतके दिवस!" त्यांचा आवाज चढला. "रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होते!"

तेवढ्यात स्टुलावरून कळवळून आवाज आला, "अहो बाई, हो म्हणून टाका ना, माझी मान धरली!"

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मीही हसलो, आणि गृहस्थ तर मान चोळत सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता त्या हो म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाल्या. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, पण मी गप्प राहिलो, दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं. गृहस्थांच्या फोटोत बत्तीसच्या बत्तीस दात आले होते, म्हणून त्यांना परत बसवावं लागलं.

ताईला तूच कळव. आता बोलू शकतेस.

मामा


२० डिसेंबर

अरे मामा,

आज परीक्षा झाली. समोर अनोळखी काकू येऊन बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. बोलेनात. पर्सचा चाप उघडत होत्या, लावत होत्या. माझ्या जिभेवर सात-आठ वाक्यं तयार होती. एकही सोडलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत बसले, आणि खरं सांगते, थोड्या वेळाने मला बोलायची इच्छाच राहिली नाही. त्या काय सांगतील याचीच उत्सुकता लागली. मग त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मी घरून ठरवून आले होते ते नाही सांगत. दुसरंच सांगते." आणि सांगितलं.

काय सांगितलं ते विचारू नकोस. "सांगू शकत नाही" असंही म्हणणार नाही, त्याने काय होतं ते आपण बघितलंय.

मामा, मी पास झाले! मॅडमनी चक्क पाठीवर थाप मारली. जानेवारीपासून केंद्रात माझी खोली, दोन खुर्च्या आणि खरी माणसं. भीती वाटतेय, पण आनंद जास्त आहे. आईला फोनवर सांगितलं तर तिने तेवढ्यात तुझ्या लग्नातलं माझं वेळापत्रक वाचून दाखवलं. मी मुकाट्याने ऐकलं.

भोंगा


२७ डिसेंबर

प्रिय भोंग्या,

अभिनंदन! तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि डोळे तपासायला बसलेल्या आजोबांनीही वाजवल्या, कशाबद्दल ते त्यांना कळलं नसावं. आमचं अजून "अहो-जाहो"च चाललंय. सवय जाता जात नाही.

लग्न बारा जानेवारीला, नोंदणी कार्यालयात. दोन्ही दुकानांवर "आज बंद" अशी पाटी लावणार. कारण लिहायचं नाही असं माझं म्हणणं, लिहायचंच असं त्यांचं, म्हणजे लिहिलं जाणार. फोटो कुणी काढायचे यावर आमचं पहिलं भांडण झालं. त्यांना गावातला एकही फोटोवाला पसंत नाही. शेवटी कॅमेरा तिकाटण्यावर लावून त्या स्वतःच बटण दाबणार आणि पळत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहणार, असं ठरलंय.

एक गोष्ट लिहूनच सांगतो, समोर जमणार नाही. मी उमेदीत होतो तेव्हापासून सगळ्यांनी मला लग्न कर म्हणून सांगितलं. ताईने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, गिऱ्हाइकांनीसुद्धा डोळे तपासता तपासता सांगितलं. कुणी सांगितलं की मी "बघू" म्हणायचो आणि सुटायचो. तुला काय हवंय, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. तू विचारलंस, आणि उत्तर येईपर्यंत थांबलीस. तुझे निम्मे मार्क गेले तरी थांबलीस. पोरी, त्या खोलीत तुझ्यासमोर जी माणसं येऊन बसतील त्यांचं नशीब चांगलं आहे, हे हा मामा लिहून देतो.

अकरा तारखेला दुपारीच ये. ताई याद्या घेऊन येईलच, तिला बाईंच्या ताब्यात देऊ. आपण दोघं माझ्या दुकानात बसू, शटर अर्धं खाली ओढून. मला तुला खूप काही सांगायचंय.

तुझा,
मामा